ऑर्वाची पिवळी रेघ

"आरं ऑर्वा, हाईस का गेलास? का ट्रेलरखाली घोरायला लागलास?"

फ्रीमन बोंट्रेगरनं गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकून विचारलं, तसे लाईनीवरचे चार-पाचजण फिदीफिदी हसले.

"हाय, हाय," खालनं आवाज आला. "येवढा नट आवळू दे की. तुजी बायकू कुटं पळून चाललीया?"

"बायकू न्हाई पळत, पर फुडचा ट्रेलर पळत आलाय. आमी काय तुज्या नटाचं त्वांड बघत बसायचं व्हय?"

खालून 'कट्' असा आवाज आला. मग बारकी चाकं लावलेल्या फळीवर उताणा पडलेला माणूस पाय रेटत बाहेर निघाला. आधी टक्कल, मग दाढी, मग पोट. हा ऑर्वा लॅम्ब्राइट. अंगात घरी शिवलेला निळा सदरा, विजारीला धरून ठेवणारे खांद्यावरचे पट्टे, ओठावर मिशीचा एक केस नाही आणि दाढी छातीपर्यंत. आमच्या आमिश लोकांत, म्हणजे जुन्या चालीच्या ख्रिस्ती पंथात, लग्न झालेल्या गड्याचा अवतार हाच असतो, त्यामुळं लांबून बघणाऱ्याला आम्ही सगळे एकाच आईची लेकरं वाटतो.

अमेरिकेत, उत्तर इंडियानात मोटारीमागं जोडून हिंडायची एका खोलीची घरं बनवणारे कारखाने गल्लीगणिक आहेत, आणि त्यांत निम्मी माणसं आमची. घरात विजेची तार नाही, दारात मोटार नाही, असली माणसं दिवसभर विजेचे दिवे लावलेले, गुळगुळीत चाकांचे ट्रेलर तयार करून बाहेर ढकलतात आणि संध्याकाळी सायकलीवर नाहीतर घोड्याच्या बग्गीतनं घरी जातात. ऑर्वाच्या बग्गीला लोखंडी धाव. रबराचं चाक आमच्या चर्चमंडळीला चालत नाही. आणि ऑर्वाचं कारखान्यातलं काम काय, तर रबराचं चाक. ट्रेलरच्या पोटाखाली स्टेपनी बसवायची.

तो ह्या कामाला आला उतरत्या वयात. जन्म गेला होता गाईंच्या आचळांत. धाकट्या पोराचं लग्न झालं तसं रीतीप्रमाणं शेत आणि गोठा त्याच्या हाती दिला आणि ऑर्वा आणि त्याची बायको एल्टा अंगणापलीकडच्या लहान घरात राहायला गेली. पहिल्या हिवाळ्यात ऑर्वा रोज पहाटे गोठ्याच्या दारात जाऊन उभा राही आणि पोराला सांगे, ती तांबडी गाय आज लंगडती बघ, तो कडबा ओला हाय बघ. पोरगं गुणी, काही बोलायचं नाही. पण सुनेनं एक दिवस एल्टाला कोपऱ्यात घेतलं. एल्टानं ऑर्वाला सांगितलं, "तुमी कुटंतरी कामाला जावा बाई आता. त्या पोराला जरा गोठ्यात एकट्यानं हगू द्या." एल्टा अशीच बोलायची. पुढच्या सोमवारी ऑर्वा कारखान्यात हजर झाला.

स्टेपनी बसवायची म्हणजे असं. ट्रेलरच्या सांगाड्याला खालून दोन आडव्या लोखंडी पट्ट्या असतात आणि त्यांच्या मधोमध एक लांब बोल्ट खाली लोंबत असतो. फळीवर उताणं पडून आत सरकायचं. जोडीदार चाक आत सरकवतो, ते बारक्या जॅकवर घेऊन वर चढवायचं, बोल्ट बरोबर मधल्या भोकातनं खाली आला पाहिजे. मग खालून एक जाड पट्टी, मग नट. नटाला आधी हवेची गन लावायची, ती घर्र करून त्याला जाग्यावर बसवते. मग हातपाना लावून आवळायचं. ठरल्याइतकं आवळलं की पाना 'कट्' करून वाजतो. आणि हे सगळं झालं की पिवळ्या रंगाच्या पेनानं नटावरून बोल्टावर एक रेघ ओढायची. नट पुढं कधी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ म्हणजे आवळलंय. आवळणाऱ्यानंच ती ओढायची.

नाकाच्या चार बोटं वर संडासाची टाकी, मानेखाली गारठलेली फरशी, डोळ्यांत लोखंडाचा चुरा. ट्रेलर वरून कसा दिसतो ते सगळ्या जगाला माहीत. ऑर्वाला त्यांची बुडं माहीत होती.

पण रेघेबद्दल सांगायला पाहिजे. आमच्यात कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत. हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. ज्याला शपथ घ्यावी लागते तो इतर वेळी खोटं बोलत असणार, असं आमची म्हातारी माणसं धरून चालतात. ऑर्वाला ती पिवळी रेघ म्हणजे तसलाच एक शब्द वाटायची. ओढताना तो जीभ दातांत धरी. त्यात त्याचा वेळ जाई. कारखान्यात ठरलेले ट्रेलर बाहेर पडले की सुट्टी, मग सकाळचे दहा वाजलेले असोत नाहीतर दुपारचे दोन, त्यामुळं पहाटे अंधारात काम सुरू झाल्यापासून जो तो पळत असे. कुणाच्या गाई खोळंबलेल्या, कुणाचं गवत कापून पडलेलं. ह्या पळापळीत ऑर्वा म्हणजे पाटात अडकलेला धोंडा. सगळे त्याला शिव्या देत आणि सगळे त्याच्यावर विश्वास टाकत. त्याच्या बोल्टाला कुणी कधी पुन्हा हात लावून बघत नसे.

सप्टेंबरात एल्टाच्या भावाचा, लामारचा, मुरघास भरायचा दिवस आला. मका कापायचा, कुट्टी करायची आणि उंच कोठ्यात वरपर्यंत भरायची. हे काम एकट्याचं नव्हे, सगळ्यांनी मिळून सावडीनं करायचं. लाईनीवरचे निम्मे गडी त्या दुपारी लामारकडं जाणार होते आणि पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. मका भिजला तर सगळं बोंबललं.

"ऑर्वा," फ्रीमन सकाळीच म्हणाला होता, "आज तुज्यापाय उशीर झाला तर लामारच्या मक्याला तूच छत्री धरायची बरं का."

पहिले बरेच ट्रेलर ऑर्वानं नेहमीसारखे केले. मग एका ट्रेलरखाली असं झालं, की गन ठेवली आणि हाताला पाना यायच्या आधी पेन आलं. त्यानं रेघ ओढली. आता पाना लावायचा, तर वर ट्रेलर हलायला लागला होता आणि फ्रीमन फळीला लाथ मारून म्हणत होता, चल की, चल की. गननं बसलाय की घट्ट, असं म्हणून ऑर्वा बाहेर सरकला. ही पहिल्या वेळची चूक होती. दुसऱ्या ट्रेलरखाली त्यानं गन ठेवली आणि मुद्दाम पेन उचललं. तिथनं पुढं ती चूक राहिली नाही. दिवसाच्या शेवटच्या सगळ्या ट्रेलरांखाली हातपाना त्याच्या पोटावर पडून राहिला आणि रेघा मात्र सरळ, सुंदर, जीभ दातांत धरून ओढलेल्या.

त्या दिवशी लाईन कधी नव्हे इतकी लवकर सुटली. "म्हाताऱ्याला कुनी वंगन लावलं रं?" म्हणून फ्रीमननं त्याच्या पाठीत थाप मारली आणि सगळे हसले. ह्या वेळचं हसणं निराळं होतं. ऑर्वाला बरं वाटलं. लामारकडं तो पोरांच्या बरोबरीनं मक्याच्या पेंढ्या उचलत होता. रात्रीच्या जेवणाला लांबलचक टेबलावर कोंबडी, मॅश केलेला बटाटा आणि बिटाच्या लोणच्यातली लालभडक अंडी होती. तिथं वंगणाचा विनोद त्यानं स्वतःच पुन्हा सांगितला, बायकांनाही ऐकू जाईल असा. हे त्याला पुढं फार टोचलं. रेघेपेक्षाही हे.

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा पहिल्यासारखा आवळायला लागला. शिव्याही पुन्हा सुरू झाल्या. गेलेले ट्रेलर गेले. ते कुठल्या कुठल्या राज्यांत विकायला गेले असतील, ह्याचा विचार तो करत नसे, म्हणजे करायला लागला की उठून काहीतरी काम काढी.

ऑक्टोबरात एक दिवस लाईन चालू असताना मुकादम कर्ट त्याला शोधत आला. कर्ट बाहेरचा, म्हणजे आमच्या भाषेत इंग्लिश. आमिश नसलेल्या कुणालाही आमच्यात इंग्लिशच म्हणतात. पोरगेला माणूस, मनानं वाईट नाही, पण सकाळपासून कुणीतरी त्याच्या मागं लागल्यासारखा चाले.

"ऑर्वा, जरा अंगणात ये. दोन मिनिटांचं काम आहे. तू फक्त हो म्हणायचं."

अंगणात एक छोटा, सायीच्या रंगाचा ट्रेलर उभा होता. दारातल्या पायरीवर एक म्हातारी बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि म्हातारा ट्रेलरच्या मागं उभा होता, हात खिशात घालत आणि काढत. वेंडेल प्रुसाक त्याचं नाव; ओहायोत जन्मभर घरोघर टपाल वाटून निवृत्त झालेला. त्याच्या सांगण्याचा मतलब असा, की दोघं नवा ट्रेलर घेऊन पहिल्यांदाच निघाली होती आणि मोठ्या रस्त्यावर खालची स्टेपनी निसटली. मागून मालट्रक येत होता. त्यानं कचकन ब्रेक दाबले, ट्रक आडवा होता होता राहिला आणि चाक उड्या मारत मक्याच्या रानात शिरलं. कुणाला लागलं नाही.

"तो ब्रेकचा आवाज माझ्या कानातनं जात नाही," म्हातारा म्हणाला. "मी म्हणतो, कुणाचा तरी जीव गेला असता. हे तुमच्याकडं नीट बसवलं नव्हतं."

कर्ट खाली वाकला आणि त्यानं रिकाम्या बोल्टाच्या टोकावर टॉर्च मारला. टोकाला पिवळा रंग होता.

"हे बघा, मिस्टर प्रुसाक. आमच्याकडं आवळल्याशिवाय ही रेघ ओढत नाहीत. आणि ही ज्यानं ओढली तो माणूस हा. तुम्ही ह्या लोकांना ओळखत नसाल. मी ओळखतो. ह्यांना खोटं बोलायला येतच नाही." मग ऑर्वाकडं वळून, "ऑर्वा, ही रेघ तुझीच ना?"

ऑर्वानं वाकून बघितलं. बघायची गरज नव्हती.

"व्हय," तो म्हणाला. "रेघ माजीच हाय."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हाताऱ्यानं ऑर्वाच्या तोंडाकडं बघितलं, दाढीकडं बघितलं, सदऱ्याकडं बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली.

"नाही, नाही. ह्यांच्यावर माझा काही आरोप नाही," तो म्हणाला.

पायरीवरून म्हातारी बोलली. आवाज चढवला नाही, दमलेल्या माणसासारखी बोलली. "मी तुला बघितलं होतं वेंडेल, गॅरेजमध्ये ह्याच्याखाली सरपटताना. तूच काहीतरी ढिलं केलं असणार. परवा गॅस चालू ठेवून बाहेर गेलास. आठवतं का?"

"मी फक्त चाकातली हवा बघितली, इरीन."

"तुला वाटतं तसं."

म्हाताऱ्याच्या हातात टोपी तशीच. कर्टनं ऑर्वाला खुणेनं जायला सांगितलं, आणि ऑर्वा गेला. आपल्या पायांनी चालत गेला, कुणी ढकललं नाही.

लाईनीवर बातमी त्याच्या आधी पोचली होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाकावर बसले, डोकी खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना झाली आणि डबे उघडले. प्रार्थनेत ऑर्वा आपल्या बुटांकडं बघत होता. त्याला एवढंच सुचत होतं, की डावी नाडी सुटलीय.

फ्रीमनच्या तोंडात पावाचा घास होता आणि बोलायचीही घाई होती. "आपल्या मानसाच्या हातचं कदी सुटलंय व्हय? त्या इंग्लिशांनी सौता काडी घालायची आन् नाव आमचं. पर ऑर्वानं एका शब्दात गप केलं त्याला. म्हातारं टोपी काडून हुबं ऱ्हायलं म्हनं."

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांत अभिमान होता, आणि अभिमान म्हणजे आमच्यात पापच, पण सगळ्या जातीचा मिळून असला तर तो पटकन ओळखू येत नाही. कुणीतरी ऑर्वापुढं वाळवलेल्या सफरचंदाची करंजी धरली. त्यानं ती घेतली आणि डब्यात ठेवून दिली.

त्याला आत कुठंतरी वाटत होतं, की म्हातारं-म्हातारी एव्हाना निघून गेली असतील आणि मग काही करताच येणार नाही. ही आशा होती. आपण कसली आशा करतोय हे कळलं तेव्हा त्याची कानशिलं तापली.

पण ती गेली नव्हती. कर्टनं मेहरबानी म्हणून दुसरी स्टेपनी द्यायचं ठरवलं होतं, आणि ती बसवायला त्याला दुसरा कोण आठवणार?

"ऑर्वालाच पाठवतो, म्हणजे तुमच्या मनात किंतू राहायला नको," असं तो म्हाताऱ्याला म्हणाला.

ऑर्वा फळी, गन, पाना आणि पेन घेऊन अंगणात आला. चाक त्यानं स्वतःच लोळवत आणलं. म्हातारी आत कॉफी करत होती. भांड्याचा आवाज येत होता. तो खाली सरकला आणि जॅकवर चाक चढवायला लागला. चाकाच्या पलीकडून त्याला म्हाताऱ्याचे बूट दिसत होते, टपालवाल्यांचे काळे, जाड तळाचे, चकचकीत पुसलेले. थोड्या वेळानं बुटांवर गुडघे आले, मग एक हात, आणि म्हातारा बाजूला जमिनीवर बसला.

"मला जरा दाखवाल का," तो म्हणाला, "आवळलंय की नाही हे कसं ओळखायचं? म्हणजे पुन्हा... म्हणजे मी पुन्हा हात लावणारच नाही, पण बघता यावं."

ऑर्वानं काहीतरी सांगितलं, रेघ सरळ असली की बरोबर, तुटली की बघायचं. सांगताना आपलाच आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा वाटला.

"इरीन म्हणते विकून टाकू," म्हातारा सांगत होता. त्याला कुणाशी तरी बोलायचं होतं आणि ट्रेलरखालच्या माणसाशी बोलणं सोपं असतं, तोंड दिसत नाही. "गाडीची चावी आता तिच्याच पर्समध्ये असते. मला वाटतं मी हात लावला नव्हता. पण वाटतं एवढंच. माझा थोरला भाऊ असाच गेला. आधी चष्मा फ्रिजमध्ये ठेवायला लागला." त्यानं गुडघ्यावरची धूळ झटकली. "तुम्हाला एकच विचारतो. तुम्ही तो नट आवळला होता, हे पक्कं ना? तुम्ही पक्कं म्हणालात तर मी मान्य करतो, की माझं डोकं चाललं. मग डॉक्टरकडं जाऊ, काय असेल ते करू. पण पक्कं सांगा."

वर संडासाची टाकी. तिच्या सांध्यावर कुणाच्या तरी बोटाचा काळा ठसा होता. ऑर्वा त्या ठशाकडं बघत राहिला. आता 'रेघ माजी हाय' म्हणून भागणार नव्हतं. हो म्हणायचं नाहीतर नाही.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय नाही?"

"न्हाई आवळला. गन लावली आन् रेघ वडली. आवळायचा ऱ्हाऊन गेला." मग त्याला हेही खोटं वाटलं. "न्हाई, ऱ्हाऊन बी न्हाई गेला. पाना हाताशी हुता. मी सोडला. घाई हुती आमाला."

बुटांची हालचाल झाली नाही. आत कॉफीचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग मघाशी तिथं का नाही बोललात?"

"इचारलं तेवढंच बोललो."

"हो," म्हातारा म्हणाला. "मी जन्मभर दारोदार टपाल टाकलं. कुत्रं चावतं का विचारलं, की लोक म्हणायचे, आमच्या घरातल्यांना कधी चावलं नाही. मला अशी उत्तरं पाठ आहेत." त्याचा आवाज आता बारीक राहिला नव्हता. "बाहेर या तुम्ही. आणि हे तिला सांगा. मी सांगितलं तर तिला ते पटायचं नाही, आणि ते तुमच्यामुळंच."

ऑर्वा बाहेर सरकला. पाठीला माती, दाढीत लोखंडाचा चुरा. बाजूला काढून ठेवलेली हॅट हातात घेऊन तो पायरीपाशी गेला आणि म्हातारीला त्यानं तेच सांगितलं, तितक्याच शब्दांत, सोडला, घाई हुती. तिच्या हातात दोन कप होते. तिनं ऑर्वाकडं बघितलंच नाही. नवऱ्याकडं बघत राहिली. बघता बघता तिचा एक कप कलला आणि कॉफी पायरीवर सांडली.

"मग गॅस?" ती म्हणाली.

"गॅस मीच चालू ठेवला होता," वेंडेल म्हणाला. "तो माझा."

ती हसली नाही, पण तिनं कप खाली ठेवले, पर्स उघडून चावी काढली आणि त्याच्या हातात दिली. मग पहिल्यांदा ऑर्वाकडं बघितलं. "मी त्याला काय काय बोलले ते तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली आणि आत गेली. तिनं शिवी दिली असती तर ऑर्वाला ती झेलता आली असती.

स्टेपनी त्यानं बसवली. 'कट्' वाजलेलं म्हाताऱ्यानं ऐकलं, तरी खाली वाकून हातानं नट हलवून बघितला, एकदा, दोनदा. ऑर्वा बाजूला उभा राहिला. बरोबरच होतं ते.

एवढ्यावर सुटका नव्हती. त्या दिवशीचे बाकीचे ट्रेलर रस्त्यांवर होते, आणि त्यांच्यामागंही कुणी ना कुणी मोटार चालवत होतं. ऑर्वा सरळ लाईनीवर गेला. कर्ट तिथंच होता, फ्रीमनशी बोलत. ऑर्वानं त्याला सांगितलं. कर्टनं त्याला दंडाला धरून खांबाआड न्यायला बघितलं.

"हळू बोल जरा. त्यांना चाक मिळालं, विषय मिटला. मी बघतो पुढं काय ते."

"हळू बोललो तर पुन्ना तसंच हुईल," ऑर्वा म्हणाला. तो मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता, त्यामुळं त्याचा आवाज फाटला. "त्या दिवशीचे शेवटचे समदे ट्रेलर. मुरघासाच्या दिवशीचे. मी आवळल्यालं न्हाईत. रेघा खोट्या हायत्या. फोन करा त्या समद्यांना."

गनची घरघर एकेक करत थांबली. कर्टनं एक घाणेरडी शिवी हासडली, हवेला दिल्यासारखी, आणि ऑफिसकडं पळत सुटला. त्याची पळण्याची रीत तीच, पण आज खरोखरच काहीतरी मागं लागलं होतं.

लाईन उभी. आमची माणसं उभी. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. फ्रीमननं हातमोजे काढले, झटकले, पुन्हा घातले.

"मी लाता मारत हुतो फळीला," तो म्हणाला. "मला सांगायचं हुतंस, न्हाई झालं म्हनून. शिव्या घातल्या असत्या. रोजच घालतो की."

ऑर्वानं हातातली फळी खांबाला टेकवून ठेवली.

"आन् दुपारी मी तितं बसून फुशारक्या मारल्या, आन् तू ऐकून घेतल्यास." फ्रीमनचा आवाज तिथं बदलला. हे त्याला सगळ्यात लागलं होतं. "करंजी बी घेतलीस."

ऑर्वाला वाटलं, डबा उघडून ती करंजी परत द्यावी. पण अशी परत देता येत नाही. आता घरी एल्टाला सांगायचं होतं. तिच्यानंतर बिशपला, आणि त्याच्यानंतर रविवारी सगळ्या मंडळीपुढं गुडघे टेकून. त्यातलं गुडघे टेकणं त्याला सगळ्यात सोपं वाटत होतं. तिथं काय बोलायचं ते ठरलेलं असतं आणि बोलून झालं की हात धरून उठवतात. एल्टा काय म्हणेल हे ठरलेलं नव्हतं.

बाहेर सायीच्या रंगाचा ट्रेलर फाटकातनं निघाला. म्हातारा चालवत होता. त्यानं हात केला नाही, हॉर्नही दिला नाही.

कर्ट परत आला तो एका इंग्लिश पोराला बरोबर घेऊन. त्याच्या हातात टॉर्च आणि पाना होता. आजपासून हा प्रत्येक ट्रेलरखाली शिरून नट तपासणार, कर्ट म्हणाला. ऑर्वाचेच नव्हे, सगळ्यांचे. पाण्याचे सांधे, गॅसचे सांधे, सगळंच. ह्याचं झाल्याशिवाय ट्रेलर पुढं जाणार नाही. म्हणजे रोज घरी जायला उशीर, हे न बोलता सगळ्यांना कळलं. कुणीतरी घसा साफ केला. पोरगं बिचारं लाजलं, कारण त्याच्या समोर दाढ्यांची रांग उभी होती आणि त्यातल्या कुणाच्याही शब्दावर विसंबायचं नाही हे त्याचं काम होतं.

"आणि तू," कर्ट ऑर्वाला म्हणाला, "तुला काढायचं की ठेवायचं ते वरचे ठरवतील. तोवर काम कर. माणसं कमी आहेत."

बटण दाबलं. लाईन सुरू झाली. पुढचा ट्रेलर हळूहळू जाग्यावर येऊन थांबला. ऑर्वानं हॅट खुंटीला अडकवली, फळी ओढली आणि तिच्यावर उताणा पडला.

"चाक दे," तो म्हणाला.

फ्रीमननं चाक आत सरकवलं. लाथ मारली नाही, टोमणा नाही, काही नाही. ऑर्वानं ते जॅकवर घेतलं आणि वर चढवायला लागला.